पेगन अध्यात्म आणि बीडीएसएम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं सज्ञान वाचकांसाठी आहेत. कसं करायचं याचे धडे इथे मिळणार नाहीत. हा प्रकार काय आहे, कुठून आला आणि त्यात गडबड कुठे होते, एवढंच सांगायचं आहे. संमती आणि अधिकार यांबद्दलच्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. बाकीचं कुतूहलापोटी विचारलं जातं, हे मात्र लोक अडचणीत आल्यावर विचारतात.

पेगन म्हणजे नक्की कोण?

ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या युरोपातल्या आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या देवदेवतांपासून आणि ऋतुचक्रापासून प्रेरणा घेऊन गेल्या शंभरेक वर्षांत काही पंथ उभे राहिले. त्यांचे अनुयायी म्हणजे आजचे पेगन. यात विक्का हा आधुनिक जादूटोण्याचा पंथ पाळणारे आहेत, केल्टिक पुजाऱ्यांचा वारसा सांगणारे ड्रुइड आहेत, नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांना मानणारे हीदन आहेत, ग्रीक देवांची पूजा करणारेही आहेत. त्यांचा एक धर्मग्रंथ नाही की एक धर्मगुरू नाही. त्यामुळे "पेगन लोक असं मानतात" असं कुणी म्हटलं की जरा सावध व्हावं, आणि यात ही उत्तरंही आलीच. तरीही बहुतेकांना मान्य होईल अशी एक गोष्ट आहे. देवत्व कुठेतरी वर बसलेलं नसून या जगात, निसर्गात आणि माणसाच्या देहातही आहे, असं ते मानतात. देहाला पापाचं गाठोडं न मानणाऱ्या धर्मात देहाकडून काय काय करून घेता येईल, हा प्रश्न आज ना उद्या निघणारच.

आणि बीडीएसएम? मारझोड आणि सेक्स, असंच ना?

बांधणं, शिस्त, वर्चस्व आणि शरणागती, वेदना देणं-घेणं अशा सगळ्या प्रकारांना मिळून हे नाव आहे. सेक्स त्यात असेलच असं नाही. कित्येकांच्या बाबतीत तो नसतोच. मारझोडीशी फरक सरळ आहे. इथे आधी बोलणी झालेली असतात आणि मार खाणारा माणूस एका शब्दात सगळं थांबवू शकतो. तो शब्द म्हणजे सेफवर्ड. ज्याच्या हातात सूत्रं असतात तो टॉप, ज्याच्यावर क्रिया होते तो बॉटम, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या एका प्रसंगाला सीन म्हणतात. 'सुरक्षित, शहाणपणाचं आणि संमतीचं' हे सूत्र १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेतून पुढे आलं. संपूर्ण सुरक्षित असं काहीच नसतं, तेव्हा 'धोका ओळखून दिलेली संमती' म्हणा, अशी दुरुस्ती १९९९ च्या सुमारास सुचवली गेली. दोन्ही सूत्रं आज चालतात.

यांचा एकमेकांशी संबंध काय? हा बादरायण संबंध तर नाही?

थोडा आहे, थोडा नाही. दोन्ही समूह बराच काळ समाजाच्या कडेला होते, त्यामुळे दोन्हीकडे वावरणारी माणसं पुष्कळ. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समलिंगी चळवळ, लेदर क्लब (चामडी पोशाखातल्या बीडीएसएमवाल्यांचे अड्डे), नवे जादूटोणा पंथ आणि स्त्रीवादी अध्यात्म हे सगळं त्याच शहरांत नांदत होतं. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते हॅरी हे (Hay) आणि त्यांच्या साथीदारांनी १९७९ मध्ये अॅरिझोनात पहिला मेळावा भरवून सुरू केलेली रॅडिकल फेअरीज ही त्याच वातावरणातली, समलिंगी पुरुषांच्या अध्यात्माची चळवळ.

पण खरा संबंध कार्यपद्धतीचा आहे. रोजच्या जगापासून जागा वेगळी करायची, ठरलेल्या भूमिका घ्यायच्या, देहाला ताणाखाली आणायचं आणि त्या ताणातून मन नेहमीपेक्षा वेगळ्या अवस्थेत न्यायचं. हे दोघंही करतात. श्रद्धेच्या बाबतीत मात्र त्यांचं काही देणंघेणं नाही. देव न मानणारा माणूस उत्तम टॉप असतो आणि कट्टर देवीभक्ताला दोरीचा तिटकारा असू शकतो.

सगळे पेगन हे करतात का?

नाही. बहुसंख्य करत नाहीत, आणि आपल्या धर्माचं नाव याच्याशी जोडलं गेलं की त्यातले बरेच जण वैतागतात. तो वैताग समजण्यासारखा आहे.

विक्काच्या दीक्षेत बांधून फटके मारतात, हे खरं का?

जुन्या, म्हणजे गार्डनेरियन पद्धतीत, हो. या पद्धतीचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) मलायातल्या कस्टम खात्यातून निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमधला जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी आपल्या पंथाबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं. त्याआधी १९४९ च्या त्यांच्या कादंबरीतच दीक्षेचे प्रसंग येतात, फटक्यांसह.

पहिल्या दीक्षेत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि हात दोरीने बांधलेले असतात. विधीसाठी आखलेल्या वर्तुळाच्या कडेवर त्याच्या छातीशी पातं टेकवून, आत यायची हिंमत आहे का, असं विचारतात. त्यावर उत्तर द्यायचं असतं ते 'परिपूर्ण प्रेम आणि परिपूर्ण विश्वास' हे परवलीचे शब्द. मग शिकण्यासाठी सोसायची तयारी आहे का, असं विचारून आसुडाचे ३, ७, ९ आणि २१ असे एकूण ४० हलके फटके देतात. दुसऱ्या दीक्षेत उमेदवार हेच तिपटीने परत करतो. ४० चे १२० होतात. जे करशील ते तिप्पट होऊन फिरून येतं, हा धडा तोंडी सांगण्याऐवजी असा हातांनी गिरवला जातो. एका दोरीने उमेदवाराच्या अंगाचं मापही घेतात. जुन्या प्रथेप्रमाणे ती दोरी मंडळाकडेच राहायची, शपथ मोडली तर ओलीस म्हणून. आज बरीच मंडळं ती परत देतात.

हे फटके लागावेत म्हणून मारत नाहीत. ते हलके, संथ आणि एका लयीत असावेत, अशी सूचना गार्डनरच्या विधिग्रंथात आहे. नाच, जप, धूप यांच्याप्रमाणेच ट्रान्सकडे, म्हणजे भान हरपण्याच्या अवस्थेकडे, जाण्याच्या वाटांमध्ये त्याने दोरी आणि आसूडही मोजले आहेत. पुढच्या कितीतरी परंपरांनी फटके नाममात्र ठेवले किंवा काढूनच टाकले.

गार्डनरलाच ही आवड होती, म्हणून हे धर्मात घुसलं असं ऐकलं आहे.

एडन केली या अभ्यासकाने १९९१ मध्ये जवळजवळ हेच मांडलं होतं. त्यावर बरीच धुमश्चक्री झाली. विरोधात दोन मुद्दे येतात. एक, हे फटके इतके हलके आहेत की मार खाण्याची हौस त्यातून भागणार नाही. दुसरा, गार्डनर जन्माचे दमेकरी होते. बेभान नाचून ट्रान्स गाठणं त्यांच्या छातीला झेपलं नसतं, तेव्हा बसल्या जागी होणारा उपाय त्यांना जवळचा वाटणं स्वाभाविक.

मला विचाराल तर हा वाद थोडा पोकळ आहे. समजा, होती त्यांना आवड. धर्म घडवणाऱ्या माणसाच्या देहाचा, सवयींचा आणि वेडांचा ठसा धर्मावर उमटतोच. उपासाची ओढ असलेल्या संताने उपासाचा पंथ काढला तर आपण त्याच्या खाजगी आवडीची चौकशी करत बसत नाही. तपासायचं ते एवढंच, की आज त्या वर्तुळात उभी असलेली व्यक्ती राजीखुशीने उभी आहे का.

प्राचीन काळीही असंच होतं ना? म्हणजे ही परंपरा हजारो वर्षांची आहे?

इथे लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. पुरावे काय आहेत ते बघू.

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टामध्ये आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या वेदीपाशी मुलांना फटके मारले जात. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस सांगतो की पुजारीण देवीची छोटी लाकडी मूर्ती हातात धरून उभी राहायची. एखाद्या मुलाचं रूप किंवा घराणं बघून मारणाऱ्याने हात आखडता घेतला, तर मूर्ती जड होते अशी ती तक्रार करायची. रोमन काळात हे बघायला प्रवासी गर्दी करू लागले आणि तिसऱ्या शतकात प्रेक्षकांसाठी दगडी बैठका बांधल्या गेल्या. रोममध्ये १५ फेब्रुवारीला लुपरकेलिया हा सण असे. बळी दिलेल्या बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन तरुण धावत सुटत, आणि मूल व्हावं किंवा बाळंतपण सोपं जावं म्हणून बायका आपणहून हात पुढे करून फटका घेत. पॉम्पेईजवळ १९०९ मध्ये उत्खननात सापडलेल्या 'व्हिला ऑफ द मिस्टरीज'मधल्या चित्रांत उघड्या पाठीची एक स्त्री दुसरीच्या मांडीत डोकं खुपसून बसली आहे आणि शेजारच्या भिंतीवरच्या पंखवाल्या आकृतीने छडी उगारली आहे. ती डायोनायसस या ग्रीक मद्यदेवाच्या पंथाची दीक्षा आहे, लग्नाआधीचा विधी आहे की निव्वळ पुराणकथेतलं दृश्य, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही.

आता हिशोब मांडा. स्पार्टाची मुलं होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लुपरकेलियात मर्जी दिसते, पण तो सार्वजनिक सण होता. पॉम्पेईचं कोडं सुटलेलं नाही. धार्मिक विधीत फटके होते एवढंच यातून सिद्ध होतं. संमतीवर उभा असलेला आजचा प्रकार आधुनिक आहे, आणि तो आधुनिक आहे यात कमीपणा काहीच नाही. स्पार्टाचा वारसा सांगून ज्याला प्रतिष्ठा मिळवायची आहे, त्याने तो वारसा लहान मुलांच्या पाठीवरचा आहे हे लक्षात ठेवावं.

मग हे लोक कोणत्या कथांचा आधार घेतात?

दोन कथा पुन्हा पुन्हा येतात. पहिली सुमेरियन देवी इनानाची. ती पाताळात उतरते तेव्हा सात दारांवर तिच्या अंगावरची एकेक वस्तू काढून घेतली जाते: मुकुट, गळ्यातले मणी, शेवटी वस्त्र. प्रत्येक दारावर ती विचारते हे काय, आणि उत्तर येतं की गप्प राहा, पाताळाचे नियम असेच आहेत. शेवटी तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं आणि तीन दिवसांनी ती परत येते. दुसरी ओडिन या नॉर्स देवाची. हावामाल या जुन्या नॉर्स काव्यात तो सांगतो की भाल्याने घायाळ होऊन, अन्नपाण्याविना, आपण नऊ रात्री झाडावर लटकलो. स्वतःच स्वतःला अर्पण केलं आणि त्यातून रुन लिपीचं ज्ञान मिळालं.

विक्कामध्येही देवीच्या पाताळगमनाची छोटी कथा आहे. तिच्यात देवी मृत्यूचं प्रेम नाकारते, त्याच्या आसुडाखाली गुडघे टेकते आणि प्रेमाची वेदना ओळखते. ही कथा मला खटकते. प्रेम नाकारणाऱ्या बाईला मार देऊन प्रेम शिकवायचं, हे प्रतीक म्हणूनही सहज गळी उतरत नाही. इनाना मात्र स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाते.

'ऑर्डील' हा शब्द फार ऐकू येतो. तो प्रकार काय?

वेदना, थकवा किंवा भीती यांतून जाणीवपूर्वक पार होण्याचा विधी. कुणी सुया टोचून घेतं, कुणी पाठीतल्या हुकांवर स्वतःला टांगून घेतं, कुणी रात्रभर एका जागी बांधलेलं बसतं. अमेरिकन पेगन लेखक रेव्हन काल्डेरा यांनी २००६ मध्ये पेगन बीडीएसएम आणि ऑर्डील यांवर स्वतंत्र पुस्तकच काढलं. पण ही वाट त्याआधी रुळवली ती फकीर मुसाफर या नावाने ओळखल्या गेलेल्या रोलँड लूमिस (१९३०–२०१८) यांनी. दक्षिण डकोटात वाढलेल्या या माणसाने कोवळ्या वयापासून स्वतःच्या देहावर प्रयोग केले आणि १९८० च्या दशकात तो आदिम जमातींचे देहविधी आजच्या जगात आणू पाहणाऱ्या 'मॉडर्न प्रिमिटिव्ह' चळवळीचा चेहरा बनला.

पण हे दुसऱ्यांचे विधी उचलणं नाही का?

आहे, निदान मोठ्या प्रमाणात. छातीत अणकुचीदार सुळे रोवून खांबाला बांधून घ्यायचा प्रकार लाकोटा आणि अमेरिकेतल्या इतर मैदानी मूळनिवासी जमातींच्या सन डान्स या विधीतून उचललेला आहे. ज्या विधीवर अमेरिकी सरकारने १८८३ पासून बंदी घातली, ज्याच्यासाठी लोकांना शिक्षा झाल्या, ज्याला कायद्याचं संरक्षण मिळायला १९७८ साल उजाडलं, तो विधी गोऱ्या लोकांनी शनिवार-रविवारच्या मेळाव्यात करून बघायचा! १९९३ मध्ये लाकोटा प्रतिनिधींनी आपल्या अध्यात्माचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर युद्धघोषणा केली, ती उगाच नव्हे. सन डान्समध्ये सोसणं असतं ते आपल्या लोकांसाठी. नर्तक समाजाशी बांधलेला असतो. तेवढं वगळून फक्त सुळे उचलले तर हातात उरतो तो एक शारीरिक अनुभव. तो अनुभव कुणाला हवा असेल तर घ्यावा, पण त्याला सन डान्स म्हणू नये. ज्या देवतांना तुम्ही मानता त्यांच्या कथेतून विधी रचता येतो, आणि हल्ली शहाणी मंडळं तेच करतात.

वेदनेतून ट्रान्स खरंच लागतो, की मनाचे खेळ?

मनाचे खेळ म्हणजे खोटं असं नाही. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात ब्रॅड सॅगारिन आणि सहकाऱ्यांनी यावर काही वर्षं काम केलं आहे. २०१६ च्या एका छोट्या प्रयोगात त्यांना दिसलं की सीननंतर बॉटमची कामगिरी लक्ष आणि नियंत्रण मोजणाऱ्या चाचणीत तात्पुरती घसरते. मेंदूचा पुढचा, सतत हिशोब ठेवणारा भाग थोडा वेळ मंदावतो, या कल्पनेशी ते जुळतं. टॉप मात्र कामात पूर्ण बुडून गेल्याच्या अवस्थेत जातात, आणि ती अवस्था वेगळी. त्याच वर्षी अंगात हुक अडकवून दोऱ्यांनी ओढण्याच्या एका सामूहिक विधीवरचा अभ्यास आला. सहभागी लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं होतं, पण ते स्वतः सांगत होते की ताण उतरला. देह आणि मन असे उलट दिशांना गेलेले दिसणं हीच यातली लक्षवेधी गोष्ट.

देव भेटला की नाही, हे कॉर्टिसॉल सांगत नाही. पण एक व्यावहारिक धडा पक्का मिळतो: त्या अवस्थेत माणसाची निर्णयशक्ती कमी झालेली असते. हे पुढच्या उत्तरांसाठी लक्षात ठेवा.

सीन आणि विधी यांत फरक कसा ओळखायचा?

बाहेरून पाहिलं तर पुष्कळदा कळतच नाही. उदाहरण घेऊ. समजा, मोठ्या आजारातून उठलेल्या एका बाईसाठी तिच्या मंडळाने इनानाच्या कथेवर विधी रचला आहे. आठवडाभर आधी सगळे बसून बोलले आहेत: काय काढायचं, काय नाही, कुठे हात लावायचा नाही, कुठल्या शब्दावर थांबायचं. त्या रात्री वर्तुळ आखलं जातं, चार दिशांना आवाहन होतं. सात माणसं सात दारं होऊन उभी. पहिल्या दारावर ती ओढणी देते, दुसऱ्यावर अंगठी, तिसऱ्यावर दवाखान्याची फाइल. सहाव्या दारावर मनगटं बांधली जातात. बांधणाऱ्याचं त्यापुढचं काम एकच, दर थोड्या वेळाने तिची बोटं गरम आहेत का आणि हलतात का ते बघणं. सातव्या दारावर पाठीवर चामडी पट्ट्यांचे संथ फटके. मग काळ्या कापडाखाली ती पडून राहते आणि सगळे गप्प. बऱ्याच वेळाने घंटा वाजते, दोरी सुटते, कुणी तरी पाणी आणतं, कुणी खायला. शेवटी दिशांना निरोप.

बीडीएसएमवाल्याला यात बोलणी, सीन आणि आफ्टरकेअर, म्हणजे सीननंतर घेतलेली काळजी, दिसेल. पेगनाला वर्तुळ, पाताळगमन आणि विधीनंतरचा प्रसाद. दोघंही बरोबर आहेत. फरक आहे तो हे कुणाला उद्देशून केलं यात. सीन दोघांच्यात पुरा होतो. विधीत तिसरं कुणी तरी हजर आहे असं धरलेलं असतं, आणि सगळी गुंतागुंत त्या तिसऱ्यामुळे होते.

दीक्षा हवी असेल तर हे करावंच लागेल, असं आमची प्रीस्टेस (पुजारीण) म्हणते. काय करू?

आधी तिला विचारा: नेमकं काय, कोण करणार, कोण हजर असणार, आणि मी नाही म्हटलं तर काय? या चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर तुम्ही परंपरा स्वीकारायची की नाही एवढं ठरवायचं उरतं. "ते गुप्त आहे, त्या वेळीच कळेल" असं उत्तर आलं तर तिथून निघा. गुपित मंत्राचं असू शकतं. तुमच्या अंगाला काय होणार याचं असू शकत नाही. आणि दीक्षेसाठी गुरूशी शरीरसंबंध आवश्यक आहे असं कुणी सांगितलं तर विषय तिथेच संपला. ज्याला ग्रेट राइट म्हणतात तो स्त्री-पुरुष मीलनाचा विधी बहुतेक मंडळांत पात्र आणि सुरी यांच्या प्रतीकानेच होतो, आणि प्रत्यक्ष झाला तरी तो आधीच जोडपं असलेल्यांचा खाजगी मामला असतो.

'परिपूर्ण विश्वास' या सुंदर शब्दांचा इथे गैरफायदा घेतला जातो. चार महिन्यांची ओळख असलेल्या माणसावर परिपूर्ण विश्वास ठेवता येत नाही, ठेवूही नये. याबाबत पेगनांनी बीडीएसएमवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. तिकडे विश्वास आहे म्हणून बोलणी टाळत नाहीत. बोलणी नीट होतात म्हणून विश्वास बसतो. पेगनांमध्ये हे भान हळूहळू येत आहे. २०१६ मध्ये त्यांच्यातल्या लेखकांनी संमती याच विषयावर एक निबंधसंग्रह प्रसिद्ध केला.

विधीत देवता अंगात आलेली असेल तर सेफवर्ड चालतो का?

चाललाच पाहिजे. देवतेला नको असेल तर तो विधी करू नये.

साध्या सीनमध्ये टॉप म्हणतो, 'मी सांगतो म्हणून कर.' त्याचा अधिकार तुम्ही दिलेला असतो आणि तुम्ही तो परत घेऊ शकता. संचार झालेली व्यक्ती म्हणते, 'देवी सांगते म्हणून कर.' भक्ताने या अधिकाराला नाही कसं म्हणायचं? म्हणून पवित्र म्हटलं की नियम सैल होत नाहीत, उलट आवळावे लागतात. बोलणी माणसाशी होतात, तीही संचाराच्या आधी. जे आधी ठरलं नाही ते देवतेच्या तोंडून आलं तरी होत नाही. शुद्धीवर असलेली, विधीत भाग न घेणारी एक व्यक्ती बाजूला उभी हवी आणि सगळं थांबवायचा अधिकार तिला हवा. माझ्या मते संचार झालेल्या माणसाच्या हातात आसूड देऊच नये. हे मत सगळ्यांना पटत नाही, पण जखम झाल्यावर तो हात कुणाचा होता यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

बॉटम ट्रान्समध्ये असेल तर तोंडून शब्द फुटतीलच असं नाही. त्यासाठी हातात छोटी घंटा द्यावी. ती खाली पडली की थांबायचं.

आणखी एक. देवतेला दिलेली शपथ म्हणजे पुजाऱ्याला दिलेली परवानगी नव्हे. तुम्ही देवीचे दास झालात म्हणून तिच्या पुजारणीचे झालात असं होत नाही.

सार्वजनिक पेगन उत्सवात असे विधी करावेत का?

बघणाऱ्यांचीही संमती लागते. मुलंबाळं घेऊन आलेल्या लोकांसमोर नको. वेगळी जागा, दारावर स्पष्ट सूचना, वयाची तपासणी. यावर फार चर्चा करण्यासारखं काही नाही.

कॉलर घालणं आणि हँडफास्टिंग एकच का?

नाही, पण दोन्ही एकत्र केली जातात. हँडफास्टिंग हा पेगन विवाहविधी. दोघांचे हात दोरीने बांधतात, आणि पुष्कळदा ते बंधन एक वर्ष आणि एक दिवस एवढ्या मुदतीचं असतं, मग वाटलं तर पुढे. कॉलर, म्हणजे गळ्यातला पट्टा, ही वर्चस्व-शरणागतीच्या नात्यातली खूण. मुदतीची कल्पना कॉलरवाल्यांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं. कायमच्या शरणागतीच्या आणाभाका पहिल्या तीन महिन्यांत घेतल्या जातात आणि चौथ्या महिन्यात त्या मोडणं जड जातं.

स्त्रीवादी पेगनांचा याला विरोध का?

देवीपूजेच्या चळवळीतल्या बऱ्याच जणी १९७० च्या दशकातल्या स्त्रीवादातून आल्या. स्टारहॉक या अमेरिकन पेगन लेखिकेने सत्तेचे केलेले प्रकार त्यांच्या तोंडी असतात: दुसऱ्यावरची सत्ता, आतून येणारी शक्ती, आणि बरोबरीतली शक्ती. पहिलीतून सुटण्यासाठी इथे आलो आणि इथेही कुणी गुडघे टेकतंय, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की सत्ता लपवण्यापेक्षा ती उघड्यावर आणून, मर्यादा घालून, परत घेता येईल अशी करून बघणं हाही तिच्यातून सुटण्याचाच मार्ग. गार्डनरच्या शिष्या डोरीन व्हॅलियंटने लिहिलेल्या देवीवचनात प्रेमाच्या आणि सुखाच्या सगळ्या कृती माझेच विधी आहेत असं देवी म्हणते, त्याचा दाखला ही मंडळी देतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं, फक्त प्रत्येक मंडळात गुडघे टेकणाऱ्या बायकाच का असतात, हे मोजून बघायला हरकत नाही.

हा मानसिक आजार आहे का? आणि कायद्याचं काय?

संमतीने होत असेल आणि त्या व्यक्तीला त्रास होत नसेल तर आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात नुसती आवड आणि विकार यांत फरक केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत सॅडोमॅसोकिझम हे निदानच उरलेलं नाही.

कायदा मात्र देशागणिक बदलतो आणि तो तुमच्या बाजूने असेलच असं धरून चालू नका. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की अशा कृत्यांत शारीरिक इजा झाली तर संमती हा बचाव नाही. १९९७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ते मोडून काढलं नाही. १९९३ च्या त्या निकालात धार्मिक सुंता, गोंदणं, कान टोचणं आणि बॉक्सिंग कायदेशीर धरले आहेत. पण 'आमचा विधी आहे' असं म्हटलं की आपणही त्या यादीत बसतो, अशा भ्रमात राहू नये.

अथामे, वेदीवरच्या मेणबत्त्या, दोऱ्या ही विधीचीच साधनं वापरली तर चालतील?

मेणबत्तीपासून सुरुवात करू, कारण तिथे भले भले चुकतात. पेगनांना मधमाश्यांचं मेण प्रिय, नैसर्गिक म्हणून. पण ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आणि अंगावर ओतण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मेणबत्त्या याच्या बऱ्याच खाली वितळतात. वेदीवरची मेणबत्ती वेदीवरच ठेवा. शिवाय लांब बाह्यांचे झगे आणि उघडी ज्योत यांचंही जमत नाही.

अथामे ही काळ्या मुठीची विधीची सुरी. परंपरेने ती काही कापण्यासाठी नसतेच. कापाकापीसाठी पांढऱ्या मुठीची वेगळी असते. त्यामुळे अथामेने रक्त काढणं अनेकांना धर्माच्याच दृष्टीने चूक वाटतं. रक्ताचा प्रश्न निघालाच आहे तर, हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. चामड्याचा आसूड नीट निर्जंतुक करता येत नाही. ज्याच्या पाठीवर रक्त आलं, तो आसूड त्याचाच.

विधीच्या सुबक विणलेल्या दोऱ्या बांधायला बारीक आणि निसरड्या असतात. गाठ ताणाखाली आवळत जाते. मनगटाच्या आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या नसा सहज दबतात. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली किंवा पंजा वर उचलता येईना, तर दोरी लगेच कापायची, मंत्र अर्धा राहिला तरी. बोथट टोकाची कात्री वर्तुळाच्या आत हवी. वर्तुळ मोडू नये म्हणून बाहेर आणायला जाता येत नाही, असली सबब नको. मानेला दोरी नाही. विधीतला मद्याचा प्याला हे सगळं संपल्यानंतर ठेवा, आधी नाही.

मी एकटाच साधना करतो. एकट्याने काही करता येईल का?

उपास, रात्रभर जागरण, थंड पाण्याची अंघोळ, गुडघ्यावर बसून लांबलेला जप, स्वतःच्या पाठीवर हलका आसूड. यातलं बरंच एकट्याला जमतं, मधुमेह, हृदयविकार किंवा खाण्याशी संबंधित आजार नसेल तर. स्वतःला बांधून घेणं आणि श्वासाशी कुठलाही खेळ एकट्याने करू नका. लोक यात मरतात, आणि अनुभवी लोक मरतात. असा अनुभव घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन अचानक खाली बसतं, रडू येतं, देव रुसला असं वाटतं. तो रुसलेला नसतो, देह उतरणीला लागलेला असतो. त्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेऊ नका, नवी शपथ तर मुळीच नको, आणि ज्याला हे सगळं माहीत आहे अशा एका माणसाला फोन करायचं आधीच ठरवून ठेवा.